प्रा. सलीमुज्जमान सिद्दीकी : जीवन आणि कार्य

आपल्या समाजाच्या सभा-संमेलनांत विज्ञानाचा विषय निघाला की वक्ते हमखास जाबिर इब्न हय्यान, अल्-राझी आणि इब्न सीना यांची नावे घेतात. ती घ्यायलाच हवीत. इब्न सीनाचा वैद्यकावरील 'अल्-कानून' हा ग्रंथ युरोपातील विद्यापीठांत कित्येक शतके पाठ्यपुस्तक म्हणून शिकविला जात होता, ही काही लहान गोष्ट नव्हे. परंतु या गोष्टीला आता हजार वर्षे होत आली. नववी-दहावीतील मुलाला हजार वर्षांपूर्वीच्या थोर पुरुषाचा अभिमान वाटतो. आपणही तसे होऊ शकू असे मात्र त्याला वाटत नाही. त्यासाठी त्याच्यापुढे जवळच्या काळातला माणूस ठेवावा लागतो. तो आपल्यासारखाच शाळेत गेला, कॉलेजात गेला, त्याला अडचणी आल्या, आणि तरीही त्याने काही करून दाखविले, हे सनावळीनिशी सांगता आले पाहिजे.

अशा माणसांत प्राध्यापक सलीमुज्जमान सिद्दीकी यांचे नाव फार वरचे आहे. वनस्पतींच्या रसायनशास्त्रात त्यांनी केलेले काम जगभर मान्य झाले. तरीही आपल्याकडील सुशिक्षित माणसांपैकी फार थोड्यांनी त्यांचे नाव ऐकलेले असते. त्याचे कारणही उघड आहे. त्यांचे निम्मे कार्य दिल्लीत झाले आणि निम्मे कराचीत. इकडच्यांनी त्यांना तिकडचे मानले, आणि तिकडच्यांना त्यांच्या इकडच्या वर्षांचे फारसे अगत्य राहिले नाही. विद्येला सरहद्द नसते असे आपण म्हणतो. तेव्हा त्यांचे संपूर्ण जीवन एकत्र पाहावे, आणि त्यातून शिक्षणसंस्था चालविणाऱ्यांनी काय घ्यावे याचा विचार करावा, एवढ्याच हेतूने हा लेख लिहिला आहे.

बालपण व शिक्षण

सिद्दीकी यांचा जन्म १९ ऑक्टोबर १८९७ रोजी आजच्या उत्तर प्रदेशातील बाराबंकी जिल्ह्यात सुबेहा या गावी झाला. घराणे सुसंस्कृत होते. पुढे मुस्लिम लीगच्या राजकारणात प्रसिद्धीस आलेले चौधरी खलीकुज्जमान हे त्यांचे वडील बंधू. लखनौला सुरुवातीचे शिक्षण झाल्यावर ते अलीगढच्या मोहमेडन अँग्लो-ओरिएंटल कॉलेजात दाखल झाले आणि १९१९ साली तेथून पदवीधर झाले. पुढच्याच वर्षी या कॉलेजचे विद्यापीठ झाले.

येथे एक गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या पालकांनी नीट लक्षात ठेवावी. सिद्दीकींची पदवी रसायनशास्त्राची नव्हती, ती तत्त्वज्ञानाची होती. बाविसाव्या वर्षापर्यंत या थोर रसायनशास्त्रज्ञाचा मुख्य विषय रसायन नव्हता. दहावीच्या गुणांवरून मुलाचे सारे आयुष्य ठरवून टाकण्याची जी घाई आपल्याकडे चालते, तिला हे एक चांगले उत्तर आहे.

१९२० साली ते वैद्यकाच्या अभ्यासासाठी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले. पण तेथे ते रमले नाहीत. वर्षभरातच त्यांनी लंडन सोडले आणि जर्मनीतील फ्रँकफर्ट विद्यापीठात रसायनशास्त्राचा अभ्यास सुरू केला. पहिल्या महायुद्धात हरलेली जर्मनी त्या वेळी अतिशय हलाखीत होती. १९२३ साली तर तेथील चलनाची किंमत इतकी घसरली, की पाव आणण्यासाठी लोकांना नोटांच्या थप्प्या न्याव्या लागत. पण त्याच काळात सेंद्रिय रसायनशास्त्रात जर्मनीची बरोबरी करणारा देश जगात नव्हता. फ्रँकफर्टला सिद्दीकींना युलियस फॉन ब्राउन यांच्यासारखे गुरू लाभले. वनस्पतींत सापडणाऱ्या अल्कलॉइड या द्रव्यांची घटना उलगडण्याची एक प्रक्रिया आजही फॉन ब्राउन यांच्याच नावाने ओळखली जाते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली सिद्दीकींनी १९२७ साली डॉक्टरेट मिळविली.

त्यांना चित्रकलेचाही नाद होता, आणि तो केवळ फावल्या वेळेपुरता नव्हता. १९२४ साली फ्रँकफर्टमध्ये त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले होते. तत्त्वज्ञान, चित्रकला आणि रसायन ही तीन अंगे एकाच माणसात सुखाने नांदत होती.

हकीम अजमल खान यांची दूरदृष्टी

सिद्दीकींच्या जीवनाची दिशा ठरविणारे थोर पुरुष म्हणजे मरहूम हकीम अजमल खान. दिल्लीच्या नामांकित हकीम घराण्यातील हे गृहस्थ राष्ट्रीय चळवळीत अग्रभागी होते. १९२१ च्या अहमदाबाद काँग्रेसचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले, आणि जामिया मिल्लिया इस्लामियाचे ते पहिले कुलपती होते. परंतु त्यांचे आणखी एक मोठे काम म्हणजे दिल्लीच्या करोलबागेतील आयुर्वेदिक व युनानी तिब्बिया कॉलेज. त्याची कोनशिला १९१६ साली व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंज यांनी बसविली आणि १३ फेब्रुवारी १९२१ रोजी त्याचे उद्घाटन महात्मा गांधींच्या हस्ते झाले. आयुर्वेद आणि युनानी ही दोन्ही शास्त्रे त्यांनी एकाच छपराखाली आणली, यावरून त्यांच्या मनाची ठेवण दिसून येते.

हकीमसाहेबांच्या घरी पिढ्यान्-पिढ्या नुस्खे चालत आलेले होते. त्या नुस्ख्यांवर त्यांची दररोजची रोजी आणि कीर्ती अवलंबून होती. अशा माणसाने 'आमचे आहे तेच उत्तम, त्याची परीक्षा कोण घेणार?' असे म्हटले असते तर आश्चर्य वाटले नसते. पण त्यांनी नेमके उलटे केले. आपल्याच औषधांची आधुनिक प्रयोगशाळेत तपासणी व्हावी, कोणत्या मुळीत कोणते द्रव्य आहे आणि त्याचा शरीरावर काय परिणाम होतो हे कळावे, असे त्यांनाच वाटू लागले. त्यासाठी तिब्बिया कॉलेजात संशोधन विभाग काढण्याचे ठरले, आणि जर्मनीहून परतलेले डॉ. सिद्दीकी त्याचे पहिले संचालक झाले.

पण नियतीची गती निराळी होती. १९२७ सालच्या डिसेंबरमध्ये हकीम अजमल खान यांचे निधन झाले. ज्यांच्या शब्दावर हे काम उभे राहत होते, तेच काम सुरू होता होता निघून गेले. तीस वर्षांच्या तरुण शास्त्रज्ञाने दुसरीकडे बरी नोकरी पाहिली असती तर त्याला कोणी दोष दिला नसता. सिद्दीकी मात्र तिब्बिया कॉलेजातच राहिले आणि पुढची बारा-तेरा वर्षे तेथेच त्यांनी संशोधन केले.

सर्पगंधेच्या मुळाशी

संशोधनासाठी त्यांनी निवडलेली वनस्पती म्हणजे सर्पगंधा. तिचे शास्त्रीय नाव राउवोल्फिया सर्पेंटिना. सोळाव्या शतकातील लेओनहार्ट राउवोल्फ नावाच्या जर्मन वैद्याची आठवण म्हणून या कुळाला ते नाव दिले गेले. आपल्या देशात हे झुडूप शेकडो वर्षे औषधात वापरले जात आहे. सर्पदंशावर, झोप न येण्यावर, आणि विशेषतः भ्रमिष्ट माणसाला शांत करण्यासाठी त्याचे मूळ देत. बिहारकडे तर त्याला 'पागल की दवा' असेच म्हणतात.

मूळ गुणकारी आहे हे सर्वांना ठाऊक होते. परंतु मूळ म्हणजे एकच एक वस्तू नव्हे. त्यात पिष्ठ असते, राळ असते, रंगद्रव्ये असतात, क्षार असतात. शेकडो पदार्थांची ती सरमिसळ असते. त्यातला गुण कोणाचा? शिवाय एका जंगलातले मूळ आणि दुसऱ्या जंगलातले मूळ सारख्याच ताकदीचे असेल याची खात्री नाही. एका रोग्याला चिमूटभर चूर्ण पुरते, दुसऱ्याला तेवढेच जास्त होते. हकिमाचा अनुभव येथे उपयोगी पडतो, पण तो हकिमाबरोबरच जातो. द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे काढले तर मात्र त्याचे वजन करून नेमकी मात्रा ठरविता येते.

हे काम कसे करतात हे थोडक्यात पाहू. मुळाची पूड करून ती अल्कोहोलसारख्या द्रावकात भिजत ठेवतात. विरघळणारे पदार्थ द्रावकात उतरले की ते गाळून, आटवून घट्ट अर्क मिळवितात. यानंतरची युक्ती अल्कलॉइडांच्या स्वभावावर आधारलेली आहे. अल्कलॉइड म्हणजे वनस्पतीत तयार होणारी, नायट्रोजन असलेली, आम्लारीच्या धर्माची द्रव्ये. अफूतील मॉर्फीन, सिंकोनाच्या सालीतील क्विनीन आणि तंबाखूतील निकोटीन ही त्याच जातीची. अर्कात पातळ आम्ल घातले की अल्कलॉइडे आम्लाशी संयोग पावून पाण्यात विरघळतात आणि राळ व तेलकट पदार्थ मागे राहतात. मग त्या पाण्यात आम्लारी घालून आम्ल मारले की अल्कलॉइडे पुन्हा मोकळी होऊन बाहेर पडतात. परंतु बाहेर पडतो तो अनेक अल्कलॉइडांचा मिळून एक गोळा. तो निरनिराळ्या द्रावकांत विरघळवून, पुन्हा पुन्हा स्फटिक करून, एकेक द्रव्य वेगळे करावे लागते. साखरेच्या पाकातून खडीसाखर धरते तसे हे स्फटिक धरतात. फरक इतकाच, की त्यांना धरायला कधी तास लागतात, कधी महिने. स्फटिक ठरावीक उष्णतामानाला स्वच्छ वितळू लागले, म्हणजे त्यांचा द्रवणांक पक्का झाला, की द्रव्य शुद्ध झाले असे समजतात.

हे सारे १९३० च्या आसपासच्या तिब्बिया कॉलेजात, आजच्यासारखी यंत्रे नसताना केलेले काम आहे. आज काही मिनिटांत मिश्रणाची छाननी करणारी उपकरणे आहेत. त्या वेळी होती ती काचेची भांडी, तराजू, तापमापक आणि धीर.

१९३१ साली सिद्दीकी यांनी आपले सहकारी रफत हुसेन सिद्दीकी यांच्यासह या संशोधनाचा निबंध इंडियन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. सर्पगंधेच्या मुळातून त्यांनी पाच अल्कलॉइडे वेगळी केली होती. त्यांतील तीन द्रव्यांना त्यांनी अजमलीन, अजमलिनीन आणि अजमलिसीन अशी नावे दिली. उरलेली दोन सर्पेंटीन आणि सर्पेंटिनीन.

पहिल्या तिन्ही नावांत हकीम अजमल खान यांचे नाव आहे. नवे द्रव्य शोधणाऱ्याला त्याचे नाव ठेवण्याचा अधिकार असतो. सिद्दीकींना स्वतःचे नाव देता आले असते, गुरू फॉन ब्राउन यांचे देता आले असते. त्यांनी नाव दिले ते ज्याने प्रयोगशाळेची कल्पना मनात आणली आणि तिचे फळ पाहायला जो उरला नाही, त्याचे. हकीमसाहेबांची अनेक स्मारके दिल्लीत आहेत. पण अजमलीन हे स्मारक जगातील औषधशास्त्राच्या ग्रंथांत आहे. हृदयाच्या ठोक्यांतील अनियमितपणावर ते औषध म्हणून वापरले गेले. १९९२ साली ब्रुगाडा बंधूंनी हृदयाच्या एका जीवघेण्या विकाराचे वर्णन केले. हा विकार रोग्यात लपलेला आहे की काय हे पाहण्यासाठी युरोपातील रुग्णालयांत अजमलीन शिरेतून देऊन हृदयाचा विद्युत् आलेख काढतात. तेथील डॉक्टर दररोज दिल्लीच्या एका हकिमाचे नाव उच्चारतात. त्यांतील कितीजणांना ते ठाऊक असेल?

जे त्यांना सापडले नाही

गौरवपर लेखात उणीव सांगू नये अशी आपल्याकडे रीत आहे. परंतु विज्ञानाच्या इतिहासात ती पाळून चालत नाही, आणि पाळली नाही म्हणून सिद्दीकींचे मोठेपण कमीही होत नाही.

ज्या १९३१ साली अजमलीनचा निबंध आला, त्याच साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी सर्पगंधा मनोविकारावर तसेच वाढलेल्या रक्तदाबावर गुणकारी असल्याचे प्रसिद्ध केले. पुढे आपल्या मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या पन्नास रोग्यांना हे औषध देऊन त्यांच्या काळजीपूर्वक नोंदी ठेवल्या आणि १९४९ साली त्या 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापल्या. तेव्हा कोठे पाश्चात्त्य जगाचे लक्ष या मुळाकडे गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील बाझेलच्या सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी त्यातून रेसर्पीन हे द्रव्य वेगळे केले. रक्तदाब उतरविण्याचा आणि मन शांत करण्याचा गुण मुख्यतः या रेसर्पीनचा होता. सिद्दीकींच्या पाच द्रव्यांत ते नव्हते.

म्हणजे 'पागल की दवा' म्हणून प्रसिद्ध असलेल्या मुळाचा तो गुण कशात आहे, हे शेवटी दुसऱ्यांनी शोधले. पण या साखळीकडे नीट पाहावे. खेड्यातील वैदू, दिल्लीतील हकीम, तिब्बिया कॉलेजातील रसायनज्ञ, कलकत्त्याचे वैद्य, मुंबईचे पारशी डॉक्टर आणि स्वित्झर्लंडमधील प्रयोगशाळा, असे अनेक हात या कामाला लागले. सर्पगंधा म्हणजे अल्कलॉइडांची खाण आहे, हे सिद्दीकींनी दाखवून दिले आणि पुढच्यांना खणायला जागा मिळाली. डॉ. वकील यांना १९५७ साली अमेरिकेतील मानाचे लास्कर पारितोषिक मिळाले, हेही येथे आवर्जून नमूद केले पाहिजे.

कडुनिंब

१९४० साली सिद्दीकी शांतिस्वरूप भटनागर यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहत असलेल्या सरकारी संशोधन यंत्रणेत दाखल झाले. १९४२ साली तिलाच 'कौन्सिल ऑफ सायंटिफिक अँड इंडस्ट्रियल रिसर्च' हे रूप आले. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० साली उघडली ती याच कौन्सिलची.

येथे त्यांनी हाती घेतले ते आपल्या दारातले झाड, कडुनिंब. महाराष्ट्रात कडुनिंब ठाऊक नाही असे घर नाही. गुढीपाडव्याला त्याची पाने खातात. धान्याच्या कणगीत त्याचा वाळलेला पाला घालतात. गोवर निघालेल्या मुलाच्या उशाशी कडुनिंबाची डहाळी ठेवण्यात हिंदू-मुसलमान असा भेद आमच्या खेड्यांत कधी नव्हता. पण हा कडूपणा कशाचा आहे, हे कोणाला ठाऊक होते?

सिद्दीकींनी निंबोळीच्या तेलावर निरनिराळ्या द्रावकांची प्रक्रिया केली आणि १९४२ साली त्यातून तीन कडू पदार्थ वेगळे केल्याचे जाहीर केले. त्यांना निंबिन, निंबिनिन आणि निंबिडिन अशी नावे दिली. पहिले दोन स्फटिकरूप होते, तिसरे भुकटीसारखे. कडुनिंबाकडे रसायनशास्त्रज्ञांचे लक्ष वेधले गेले ते या कामापासून. त्यानंतर जगातील अनेक प्रयोगशाळांनी या झाडातून शेकडो द्रव्ये शोधून काढली आणि कीटकनाशके, औषधे यांसाठी त्यांचा उपयोग सुरू झाला. १९४६ साली तत्कालीन सरकारने सिद्दीकींना ओ. बी. ई. हा किताब दिला.

कराचीस प्रयाण

देशाची फाळणी झाल्यावर चार वर्षे सिद्दीकी दिल्लीतच होते. १९५१ साली पाकिस्तानचे पंतप्रधान लियाकत अली खान यांनी तेथील शास्त्रीय संशोधनाची उभारणी करण्यासाठी त्यांना बोलाविले आणि ते गेले. त्या काळी कितीतरी घरांत असे निर्णय झाले. एक भाऊ येथे राहिला, एक तिकडे गेला. त्यांचे माप आज आपण काढू नये.

मात्र एक विलक्षण योगायोग नजरेआड करता येत नाही. बोलाविणारे लियाकत अली खान त्याच वर्षी १६ ऑक्टोबरला रावळपिंडीच्या सभेत मारेकऱ्याच्या गोळीला बळी पडले. १९२७ साली हकीमसाहेब गेले, १९५१ साली पंतप्रधान गेले. ज्याने काम सोपविले तोच माणूस सुरुवातीला नाहीसा व्हावा, असे सिद्दीकींच्या आयुष्यात दोनदा घडले. दोन्ही वेळा त्यांनी काम सोडले नाही. १९५३ साली पाकिस्तानची वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद स्थापन झाली आणि कराचीबरोबर ढाका, राजशाही व पेशावर येथेही तिच्या प्रयोगशाळा निघाल्या. १९६१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने सिद्दीकींना आपले सदस्य करून घेतले. शास्त्रज्ञाला यापेक्षा मोठा मान क्वचितच असतो.

एकोणसत्तराव्या वर्षी प्राध्यापक

१९६६ साली ते परिषदेतून निवृत्त झाले. वय एकोणसत्तर. आपल्याकडे अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालेला माणूस 'आता काय राहिले' असे म्हणू लागतो. सिद्दीकींनी मात्र या वयात नवी संस्था काढण्याचे काम अंगावर घेतले. कराची विद्यापीठाने त्यांना पदव्युत्तर रसायनशास्त्राची संस्था उभारण्यास पाचारण केले आणि १९६७ च्या सुमारास विद्यापीठातील त्यांचे प्राध्यापकपण सुरू झाले.

आरंभी साधने तुटपुंजी होती. १९७६ साली लतीफ इब्राहिम जमाल यांनी हुसेन इब्राहिम जमाल यांच्या नावाने या संस्थेला पन्नास लाख रुपयांची देणगी दिली. तेव्हापासून ती हुसेन इब्राहिम जमाल संस्था म्हणून ओळखली जाते. आपल्याकडेही दानशूर मंडळी आहेत. त्यांच्या देणगीतून सभागृह होते, कमान होते, संगमरवरी पाटी बसते. तिकडे एका दात्याने रसायनशास्त्राची प्रयोगशाळा उभी करण्यास हातभार लावला. सवाबेजारियाचा हा केवढा मोठा मार्ग! आज ती संस्था वनस्पतींच्या रसायनशास्त्रात साऱ्या आशियात नावाजलेली आहे.

येथे सिद्दीकींनी कडुनिंबाचे काम पुन्हा हाती घेतले आणि विद्यार्थ्यांची एक पिढी तयार केली. त्या काळातील त्यांच्या शोधनिबंधांवर बीना शाहीन सिद्दीकी आणि शाहीन फैजी या संशोधिकांची नावे सहलेखिका म्हणून वारंवार दिसतात. मुलीला बारावीनंतर शिकवावे की नाही, असा प्रश्न घेऊन येणाऱ्या पालकांना ही नावे सांगण्यासारखी आहेत. १९९० साली संचालकपद प्रा. अताउर्रहमान यांच्याकडे सोपवून सिद्दीकी मोकळे झाले. पण प्रयोगशाळेशी त्यांचा संबंध सुटला नाही. १४ एप्रिल १९९४ रोजी कराची येथे वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी त्यांचे देहावसान झाले. अल्लाह त्यांना जन्नत नसीब करो.

कडुनिंबाचा खटला

त्यांच्या निधनाच्या वर्षीच एक प्रकरण सुरू झाले, ते येथे सांगणे अप्रस्तुत होणार नाही. १९९४ साली अमेरिकेचे कृषिखाते आणि डब्ल्यू. आर. ग्रेस ही कंपनी यांना युरोपीय पेटंट कचेरीने कडुनिंबाच्या तेलाने पिकांवरील बुरशी रोखण्याच्या पद्धतीचे पेटंट दिले. आपल्या दारातल्या झाडाचा हक्क परक्यांच्या हाती गेला म्हणून सर्वत्र संताप व्यक्त झाला. वंदना शिवा व इतरांनी त्याला आव्हान दिले. २००० साली ते पेटंट रद्द झाले आणि २००५ साली अपीलही फेटाळले गेले.

परंतु हा निकाल नुसत्या संतापावर लागला नाही. 'आमच्या आजीला हे ठाऊक होते' एवढे सांगून कचेरीचे समाधान होत नाही. तारीख लागते, नोंद लागते, कागद लागतो. आपल्या पुणे आणि सांगली जिल्ह्यांतील शेतांवर १९८५ व १९८६ च्या उन्हाळ्यात कडुनिंबाच्या अर्काचे प्रयोग झाले होते, ही गोष्ट पुराव्यादाखल मांडली गेली म्हणून बाजू भक्कम झाली. हकीम अजमल खान यांनी पाऊणशे वर्षांपूर्वी जे ओळखले होते ते हेच. वाडवडिलांचे ज्ञान तपासून, मोजून, लिहून ठेवले तरच ते आपले म्हणून सिद्ध करता येते.

आपण काय घ्यावे

जुन्या विद्येबाबत आपल्या समाजात दोन टोकाची मते ऐकू येतात. काहीजण म्हणतात, युनानी, घरगुती औषधे वगैरे सारे थोतांड आहे. काहीजण म्हणतात, ते बुजुर्गांकडून आले आहे, त्याला हात लावू नका. सिद्दीकींनी दोन्ही मते मानली नाहीत. मुळीत गुण असला पाहिजे इतका विश्वास त्यांनी ठेवला आणि तो कशात आहे हे पाहिल्याशिवाय ते थांबले नाहीत. जुन्या विद्येचा खरा आदर यालाच म्हणावे लागेल.

आणि संस्थाचालकांसाठी याहून महत्त्वाची गोष्ट आहे. मी विज्ञानाचा शिक्षक नाही. पण शाळेत वावरताना एवढे दिसते, की हुशार मुले आपल्याकडे कमी नाहीत. कमी आहे ती त्यांना हाताने काम करायला मिळेल अशी जागा. सलीमुज्जमान सिद्दीकी हुशार होते यात शंका नाही. परंतु अलीगढचे कॉलेज नसते, तिब्बिया कॉलेजचा संशोधन विभाग नसता, कराची विद्यापीठाची संस्था नसती, तर ही हुशारी कोठे दिसली असती? सर सय्यद अहमद खान, हकीम अजमल खान, लतीफ जमाल, यांपैकी कोणीही रसायनशास्त्रज्ञ नव्हते. एकाने कॉलेज दिले, एकाने प्रयोगशाळा दिली, एकाने पैसा दिला. १८७४ साली मुंबईत बद्रुद्दीन तय्यबजी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अंजुमन-ए-इस्लाम स्थापन केली तीही याच भावनेने.

आज अनेक शाळांतून प्रयोगशाळेच्या कपाटाला कुलूप असते. भांडी फुटतील म्हणून मुलांच्या हाती देत नाहीत. प्रयोग फळ्यावर लिहून दिला जातो आणि मुले तो वहीत उतरवून घेतात. निकाल शंभर टक्के लागतो, पण परीक्षानळीत काय घडते हे मुलाने पाहिलेले नसते. ही स्थिती बदलणे अवघड नाही. फार मोठा निधीही त्याला लागत नाही. शाळेच्या आवारातल्या कडुनिंबाच्या निंबोळ्या गोळा करून त्यांचे तेल काढायला आणि ते कशात विरघळते, कशात विरघळत नाही हे पाहायला किती खर्च येणार? विज्ञान शिक्षकाला त्यासाठी आठवड्याचे दोन तास मोकळे करून द्यावे लागतील, आणि फुटलेल्या भांड्यांचा हिशेब थोडा सैल हाताने ठेवावा लागेल.

ही विनंती संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनी आणि पालकांनी आगामी वर्षात मनावर घ्यावी. त्यातून सर्वच मुले सिद्दीकी होणार नाहीत हे उघड आहे. पण एखादा मुलगा किंवा मुलगी तसे होणार असेल, तर त्याला किंवा तिला कुलूप लावलेले कपाट तरी आडवे येऊ नये.